तुरटीचा रेणुभार

आमच्या घरात जेवताना मीठ मागायची सोय नव्हती. मीठ भरपूर असायचं, चिनी मातीची बरणी भरून, पण ती बरणी अण्णांच्या उजव्या हाताशी असायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, परंड्याच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. “अण्णा, मीठ,” म्हटलं की ते हातातला घास तसाच धरून विचारायचे, “किती?” चिमूटभर म्हणून भागायचं नाही. “साडेअठ्ठावन्न,” म्हटलं की बरणी पुढं सरकायची. मिठाचा रेणुभार तेवढा. साखर तीनशे बेचाळीस, खायचा सोडा चौऱ्याऐंशी, आईच्या पानाचा चुना चौऱ्याहत्तर. माझा मोठा भाऊ विनू हे आकडे पाढ्यांसारखे घडाघडा म्हणायचा. मला फक्त पोटात जाणाऱ्या पदार्थांचे रेणुभार पाठ होते. सल्फ्युरिक ॲसिडचा कधी लक्षात राहिला नाही, कारण ते भाकरीबरोबर खात नाहीत.

आई बेंबळीची. तिला साडेअठ्ठावन्न ही काय भानगड आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटली नाही. पण हुलग्याचं माडगं अळणी झालं की ती स्वतःच म्हणायची, “आज साडेअठ्ठावन्न कमी पडलं वाटतं.” अण्णांना एवढ्यावरसुद्धा धन्यता वाटायची. ते म्हणायचे, या घरात एकच बाई विज्ञान जगते, बाकीची मार्कांसाठी करतात. बाकीची म्हणजे मी. बारावीला केमिस्ट्रीत मी ज्या तऱ्हेनं पास झाले, त्या तऱ्हेला आमच्याकडं “काठावरनं उडी” म्हणायचे. त्यानंतर मी सरळ कॉम्प्युटरच्या कोर्सला नाव घातलं. तिथं समीकरणं संतुलित करायला लागत नाहीत एवढ्या एका माहितीवर.

रेणुभार काढणं म्हणजे काय, हे अण्णा पहिल्या तासाला पोरांना असं सांगायचे: प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला आपलं एक वजन असतं. पदार्थात कोणते अणू किती आहेत ते बघायचं, त्यांची वजनं एकाखाली एक मांडायची आणि बेरीज करायची. “बाकी काही नाही रे, नुसती बेरीज आहे. किराणा दुकानदार करतो तीच.” आमचं घर किल्ल्याच्या वाटेवर, भाड्याचं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची ओसरी. ओसरीत रोज सकाळी बारावीची पोरं पोती अंथरून बसायची. शिकवणीचं अण्णा काही घ्यायचे नाहीत. आत आई स्टोला पंप मारत असायची, बाहेर कुर्डुवाडीची एसटी हॉर्न देत वळायची, आणि या दोन आवाजांच्या मधनं अण्णांचा आवाज यायचा: “सोडियम तेवीस, क्लोरीन साडेपस्तीस...” आज माझी मुलगी अकरावीला आहे. ती मोबाइलला तोंडानं विचारते आणि मोबाइल बाईच्या आवाजात रेणुभार सांगतो. सोय चांगलीच आहे. पण त्या बाईच्या मागं स्टो वाजत नाही, त्यामुळं मला ते उत्तर अर्धवट वाटतं. मुलगी म्हणते, आई, तुझं काहीतरीच असतं. असतं खरं.

तर तेव्हा घरात कॉम्प्युटर नवा होता. विनू पुण्याला इंजिनिअरिंगला, त्यानंच तिथनं सुटे भाग आणून जोडून दिला होता. भारनियमनाच्या वेळा सांभाळून तो चालवायचा. लाइट गेली की युपीएस असा चीं चीं ओरडायचा की आई स्वयंपाकघरातनं म्हणायची, “त्याला पाणी दाखवा कुणीतरी.” दिवाळीला विनू आला तो खिशात एक फ्लॉपी घेऊन. तिच्यात रेणुभार काढायचा प्रोग्रॅम होता. राखाडी रंगाची एवढीशी खिडकी, वर सूत्र लिहायला पट्टी. सूत्र लिहून एंटर दाबलं की खाली आकडा. परदेशातल्या कुठल्याशा प्राध्यापकानं तो लिहिला होता आणि फुकट वाटला होता.

“फुकट कोण देतंय?” आई म्हणाली. “काहीतरी खोट असंल त्यात.”

“मी पण फुकटच शिकवतो की,” अण्णा म्हणाले.

“म्हणून तर म्हणते.”

अण्णांनी मला त्या खिडकीतली इंग्रजी सूचना वाचायला लावली. तिचा अर्थ असा होता: हा प्रोग्रॅम वापरा, दुसऱ्यांना द्या, आणि यात चूक सापडली तर मला जरूर कळवा. अण्णांनी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचून घेतलं. “चूक सापडली तर कळवा म्हणतोय,” ते म्हणाले. “एवढी वर्षं पुस्तकं शिकवली, एकाही पुस्तकानं मला असं म्हटलं नाही.” तो न बघितलेला प्राध्यापक त्या दिवसापासून त्यांचा दोस्त झाला, आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक तरी चूक शोधून त्याला कळवायची हा त्यांचा ध्यास झाला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याला खोड म्हटलं असतं. अण्णांच्या हिशोबी ही मैत्री होती.

मग रोज संध्याकाळी लाइट आली की आम्ही दोघं त्या खिडकीपुढं. अण्णा खुर्चीत, मी स्टुलावर, कारण टाइप मी करायची. अण्णांना कीबोर्डावर एकेक अक्षर हुडकावं लागायचं आणि ते सापडेपर्यंत लाइट जायची. ते आधी कागदावर बेरीज करायचे, मग मी एंटर दाबायची. मोरचूद, अण्णांचं अडीचशेला अर्धा कमी; मशीन म्हणायचं दोनशे एकोणपन्नास पूर्णांक अडुसष्ट. धुण्याचा सोडा, अण्णांचं दोनशे शहाऐंशी. मशीन पुढं आणखी चौदा शतांश चिकटवायचं. अण्णा अणूंची वजनं ढोबळ धरायचे, मशीन बारीक धरायचं, म्हणून टिंबाच्या पुढं जरा इकडंतिकडं व्हायचंच. त्याला ते चिल्लर म्हणायचे. “नोटा जुळल्या ना? चिल्लर त्याला ठेव.” नोटा रोज जुळायच्या, आणि अण्णांचा चेहरा रोज थोडा पडायचा. दोस्ताला कळवायला आज पण काही नव्हतं.

त्या संध्याकाळांची मला आता जी आठवण येते ती रसायनांची नाहीच. शेंगाच्या चटणीचा वास, अण्णांच्या शर्टाला खडूचा वास, आणि आमच्या दोघांच्या तोंडांवर पडलेला तो राखाडी उजेड. बापलेकीनं बोलायला आमच्याकडं दुसरा विषय नव्हता. माझं पुढं काय, माझ्या मनात काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आम्ही मॅग्नेशियमबद्दल बोलायचो. आज वाटतं, दुसरं काही बोलायचं राहिलं असं झालंच नाही.

ज्या दिवशी चूक सापडली त्या दिवशी रविवार होता. नळाला गढूळ पाणी आलं होतं आणि आई हंड्यात तुरटीचा खडा फिरवत होती. अण्णांचं लक्ष खड्याकडं गेलं. तुरटी आम्ही त्या खिडकीत अजून घातलीच नव्हती. त्यांनी पेपराच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर आकडे मांडले: पोटॅशियम एकोणचाळीस, ॲल्युमिनियम सत्तावीस, गंधक चौसष्ट, ऑक्सिजन एकशे अठ्ठावीस, आणि खड्यात धरून ठेवलेलं पाणी दोनशे सोळा. खाली रेघ, रेघेखाली चारशे चौसष्ट. मी सूत्र लिहून एंटर दाबलं. चारशे चौऱ्याहत्तर पूर्णांक एकोणचाळीस.

दहाचा फरक. नोटेचा. अण्णा उठूनच उभे राहिले. सूत्र त्यांनी स्वतः कंसासकट तपासलं, बरोबर होतं. “सापडली,” ते हळूच म्हणाले, मोठ्यानं बोललं तर ती पळून जाईल अशा बेतानं. “सुमे, सापडली. पाण्याचे रेणू जास्त झाले की हा घोटाळा करतो.”

“म्या म्हटलंच हुतं,” हंड्यापाशी बसून आई म्हणाली. “फुकटचं ते.”

अण्णांची बेरीज तपासायची रीत आमच्या घरात नव्हती. सूर्य पूर्वेला उगवला का, हे जसं कुणी जाऊन बघत नाही तसंच. मी कौतुकानं कागद आणून दिला आणि अण्णांनी त्या प्राध्यापकाला इंग्रजीत पत्र लिहिलं. आदरणीय महोदयपासून सुरुवात, मग प्रोग्रॅमची स्तुती, मग अत्यंत नम्रपणे तुरटी. ते मी चौकातल्या सायबर कॅफेत जाऊन टाइप करून पाठवायचं ठरलं. पण एवढ्या लांबच्या दोस्ताला कळवायचं म्हणजे साक्षीला कुणीतरी असावं, म्हणून त्यांनी शेखसरांना बोलावून घेतलं.

शेखसर अण्णांच्याच कॉलेजात गणित शिकवायचे. अण्णांपेक्षा बरेच लहान. अण्णांनीच त्यांना कधीकाळी शिकवलं होतं, त्यामुळं अण्णा त्यांना अरेतुरे करायचे आणि ते अण्णांना सर म्हणायचे. त्यांची बेरीज आख्ख्या परंड्यात प्रसिद्ध होती. पेपराच्या गठ्ठ्यावरनं नुसती नजर उतरवायचे, एकीकडं गप्पा चालू, आणि शेवटच्या आकड्याला नजर टेकली की तोंडातनं उत्तर. पेन कधी टोपणाबाहेर आलेलं मी बघितलं नाही. आले, ओसरीत टेकले, आईनं धपाटं आणि दही पुढं ठेवलं. “वहिनी, रोजा असता तरी तुमच्या धपाट्यापुढं मोडला असता,” असं नेहमीचं बोलून त्यांनी अण्णांचा कागद हातात घेतला.

नजर वरनं खाली उतरली. मग खालनं वर चढली. मग त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि दह्यात बोट घातलं.

“तुमचंच बरोबर हाय, सर.”

“व्हय ना?” अण्णांना आनंद मावेना.

“पण पत्र-बित्र कशाला पाठवता? जाने दो. एवढा मोठा माणूस, उगं त्याला लाज.”

“लाज कसली? त्यानंच कळवा म्हटलंय.” अण्णा पत्राच्या शेवटी साक्षीची ओळ घालायला पेन उघडून बसले. “हां, तू आकडा सांग. तुझ्या तोंडानं सांग, म्हणजे मी तसं लिहितो.”

शेखसर दह्यात बोट फिरवत बसले.

“अरे, आकडा.”

“चारशे...” शेखसरांनी माझ्याकडं बघितलं, मग धपाट्याकडं. “चौसष्ट.”

अण्णांचं पेन कागदाला लागलं होतं ते उचललं गेलं. ते शेखसरांकडं बघत राहिले. आई आत स्टो विझवत होती, तो फुस्स करून विझला.

“शेख,” अण्णा म्हणाले, “बेरीज सांगताना तू कधी थांबत नाहीस.”

“सर, धपाटं तोंडात हुतं.”

“धपाट्याला अजून हात लावला नाहीस तू.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “सुमे, तू कर. मोठ्यानं.”

मी बोटं मोजतच करायची बेरीज, अजूनही तशीच करते. “नऊ नि सात सोळा, नि चार वीस, नि आठ अठ्ठावीस, नि सहा चौतीस. चौतीसचे चार, हातचे तीन.”

“थांब,” अण्णा म्हणाले. “हातचे तीन?”

“चौतीसचे तीनच की.”

“मी दोन घेतले.” त्यांनी कागद ओढून घेतला आणि तीच बेरीज माझ्यासमोर परत केली, सावकाश, ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखी. खाली लिहिलं: चारशे चोपन्न. त्या आकड्याकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. तो चुकलेला आहे एवढं त्यांना दिसत होतं. कुठं चुकला ते दिसत नव्हतं. एकशे अठ्ठावीस कसे आले, पाण्याचे रेणू बारा का, खडा तापवला की ते कसे उडून जातात, हे सगळं त्यांना लख्ख माहीत होतं. फक्त आकडे एकमेकांत मिसळताना मधेच कुठंतरी सांडत होते.

“कधीपासनं?” त्यांनी विचारलं. हे मला नव्हतं, शेखसरांना होतं.

शेखसरांनी ताटली बाजूला ठेवली. “परवाच्या सराव परीक्षेच्या पेपरांपासनं. मार्कांच्या बेरजा... मी नीट करून ठेवल्या, सर. कुणाला कळलं न्हाय.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमाला कसं सांगू?” शेखसर म्हणाले. “तुमीच शिकवली मला बेरीज.”

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिला आकड्यांतलं काही कळलं नसलं तरी अण्णांनी टोपण लावलेलं कळलं. “चहा टाकू का?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टाकला.

दुसऱ्या दिवशी शेखसर त्यांना बार्शीला डॉक्टरकडं घेऊन गेले. मेंदूत एक बारीक गुठळी कधीतरी येऊन गेली होती, आम्हा कुणाला पत्ता न लागू देता. डॉक्टर म्हणाले, बोलणं, चालणं, आठवण सगळं शाबूत आहे, नशीब समजा. बेरीज येईल परत कदाचित, कदाचित नाही. गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. आईला एकच काळजी: ओसरीतली शिकवणी. प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं, सगळं रेणुभारावर चाललेलं, आणि गुरुजीच चुकीचा आकडा सांगायला लागले तर पोरांचं काय, आणि लोक काय म्हणतील.

“बंद करा सकाळचं,” ती म्हणाली. “तब्येतीचं सांगू. कुणी नावं ठेवणार न्हाय.”

“बंद केल्यावर मी सकाळी काय करू?” अण्णांनी विचारलं. शाळा-कॉलेज सोडलं तर या माणसाला दुसरा उद्योग येत नव्हता. एकदा कुंडीत गुलाब लावला होता, तर त्याला युरिया इतका मोजून घातला की तो करपला.

ती आख्खी संध्याकाळ ते कॉम्प्युटर बंद ठेवून त्याच्यापुढं बसले. लाइट असून. मग मला म्हणाले, “सायबरला जाऊन ये. त्याला लिही, तुरटी तपासली, चूक नाही. आभार मान.” मी तसं लिहून पाठवलं. एवढ्या लांबच्या माणसाला असा निरोप आल्यावर तो काय समजला असेल कोण जाणे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि दोन पोरांना हाताशी धरून कॉम्प्युटर ओसरीत आणला. टेबल, वायर, युपीएस सगळं. माझं स्टूल फळ्याच्या बाजूला मांडलं. पोरं पोत्यांवर बसून बघत होती. अण्णांनी खडू घेतला, फळ्यावर काही लिहिलं नाही, आणि म्हणाले, “पोरांनो, माझी बेरीज गेली. डॉक्टरनं तपासलंय. बाकी सगळं जागेवर आहे. कोणता अणू कुठनं आला, का आला, पाणी धरायचं का सोडायचं, ते मला विचारा. शेवटचा आकडा सुमनताईच्या मशिनीला विचारा.”

मग मागच्या पोत्यावरनं लोहाऱ्याहून मामाकडं शिकायला आलेला बालाजी म्हणाला, “सर, मग परीक्षेत आमाला पण एकेक ताई मिळंल का?”

सगळ्यात आधी अण्णा हसले. मग पोरं हसली, मग आत आईच्या हातातलं उलथनं तव्यावर वाजलं, त्यावरनं ती पण हसली असावी. मी हसले नाही, कारण अख्ख्या वर्गात केमिस्ट्रीत काठावर पास झालेली मी एकटी आणि उत्तरं मी देणार होते. अण्णांनी फळ्यावर सूत्र लिहिलं. एकेक मूलद्रव्य बोटानं दाखवत, कुठं कंसातलं दुप्पट करायचं, कुठं पाणी विसरू नका, असं सगळं फोडून सांगितलं. मग माझ्याकडं वळले. “हां, बाई.”

मी सूत्र लिहिलं आणि एंटरवर बोट ठेवलं. अण्णा फळ्यापासून दोन पावलं मागं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून स्टुलामागं उभे राहिले होते. त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता, आणि त्या श्वासात, पोरांना ऐकू जाणार नाही इतकं हळू, ते पुटपुटत होते. नऊ, सोळा, वीस... ते अजून करून बघत होते. मी बोट दाबलं नाही. मशीन अडकलंय असं पोरांना सांगितलं, स्क्रीनजवळ तोंड नेलं, माउस उगाच इकडं-तिकडं केला. पुढं रोज हेच चाललं. कधी ते मधेच थांबायचे, आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावरनं उचलला जायचा; मग मी एंटर दाबायची. कधी शेवटपर्यंत पोहोचायचे, पुटपुटलेला आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा एक यायचा, आणि खांद्यावरचा हात घट्ट व्हायचा. त्याबद्दल आम्ही दोघं कधी काही बोललो नाही. ते गेले तोपर्यंत ओसरीत पोरं येत राहिली, आणि पोरांमध्ये असं पसरलं होतं की सरांच्या घरचा कॉम्प्युटर परंड्यातला सगळ्यात सुस्त कॉम्प्युटर आहे.

माझ्या घरी आता जे मशीन आहे ते बोट लागायच्या आत उत्तर देतं. रविवारी मुलगी शेजारी बसून रेणुभार काढत असली की मी तिला म्हणते, जरा थांब ना, एवढी काय घाई. ती म्हणते, थांबून काय करू? मी तिच्या मागं जाऊन उभी राहते.